आयर्लंडच्या पत्रातली गाळलेली ओळ

बाबा,

तुम्हांला जाऊन सोळा वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी तुम्हांला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहिते आहे ती अशा एका माणसामुळे, ज्यांना तुम्ही कधी पाहिलंही नाही. इथं शिकागोजवळ नेपरव्हिलला आमच्या शेजारच्या घरात एक म्हातारे आयरिश गृहस्थ राहायचे. आयरिश म्हणजे जन्म शिकागोचाच, आयर्लंडला त्यांचा पाय कधी लागला नव्हता. चाळीस वर्षं रेल्वेत सिग्नल दुरुस्तीचं काम केलं, मग बायको गेली, मग नजर गेली. पूर्ण नाही. डोळ्यांच्या बरोबर मधोमध काळा डाग पडला होता, कडेकडेचं तेवढं दिसे, त्यामुळे ते माझ्याशी बोलतानाही माझ्या कानाकडे बघायचे. त्यांच्या दारातला बर्फ आम्ही काढून द्यायचो. मी त्यांना काका म्हणायचे. एकदा त्यांनी त्याचा अर्थ विचारला, मी सांगितला, तर म्हणाले, "म्हणजे तू घरचीच झालीस. मग माझं एक वाचायचं काम करशील?"

काम त्यांच्या आजीचं होतं. आईबाप लहानपणीच गेल्यामुळे आजीनंच त्यांना वाढवलेलं. ती तरुणपणी एकटी बोटीनं अमेरिकेत आली, लोकांच्या घरी धुणी-भांडी केली, लग्न केलं, संसार केला. पण आयर्लंडचा विषय निघाला की एकच वाक्य म्हणायची, "तिकडं माझं कोणी उरलं नाही." काकांना मरण्यापूर्वी तिचं गाव माहीत करून घ्यायचं होतं. म्हणून शनिवारी मी त्यांना ड्राइव्ह करून लायब्ररीत न्यायचे. तळघरात मायक्रोफिल्मची मशीन होती. जुन्या बोटींच्या याद्या पडद्यावर सरकत जात, शाई उडालेली, अक्षर असं की इथल्या लोकांनाही लागू नये. मला लागायचं. तुमच्या छापखान्यात छपाईला आलेल्या हस्तलिखित कॉप्या वाचत मी मोठी झाले. तुम्ही छपाईचे खिळे जुळवताना लेखकांचं कसलंही कोंबडीच्या पायाचं अक्षर सोडवायचात आणि रविवारी मला शेजारी बसवून विचारायचात, हा 'भ' की 'म'? चौथ्या शनिवारी मला ती सापडली. वय एकोणीस, काम मोलकरीण, सोबत कोणी नाही. मी नाव वाचलं तेव्हा काकांनी पडद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

यादीत जिल्हा कळला, त्यावरून आम्ही माझा पत्ता घालून तिथल्या चर्चला पत्र लिहिलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं. काकांच्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसून मी वाचते आहे, काका चहाचा मग दोन्ही हातांत धरून खिडकीकडे तोंड करून ऐकताहेत. गावाचं नाव. आजीच्या आईबापांची नावं. बाप्तिस्म्याची तारीख. प्रत्येक नाव ते माझ्यामागून हळूच म्हणतात. पुढं लिहिलं होतं, की आजीच्या लग्नाची तिथं नोंद नाही, पण ती सतरा वर्षांची असताना तिच्या मुलीच्या बाप्तिस्म्याची नोंद आहे, मार्च महिन्यातली, बापाचं नाव कोरं. त्या बाळाला वर्कहाऊसमध्ये, म्हणजे निराधारांना ठेवून राबवून घेत तिथं, सोडलेलं होतं. मी 'लग्नाची नोंद नाही' इथवर मोठ्यानं वाचलं, पुढचं नुसतं डोळ्यांनी, आणि थेट शेवटच्या ओळीवर गेले. आपला शोध सफल होवो, वगैरे. काकांनी माझे आभार मानले. पत्र मी पर्समध्ये घालून घरी आणलं.

बाबा, हे मी आधीही केलं होतं, आणि ते तुम्हांला माहीत आहे. मी अकरा वर्षांची होते. इंदोऱ्याच्या आपल्या खोलीत सगळी वस्ती तुमच्याकडून पत्रं वाचून घ्यायची. तुम्ही कामावर होतात म्हणून शेजारच्या मावशी माझ्याकडे आल्या. खाणीत कामाला गेलेल्या त्यांच्या नवऱ्याचं पत्र होतं. त्यानं लिहिलं होतं, मी इकडं दुसरं घर केलं, माझी वाट पाहू नको. मी तेवढं गाळलं आणि प्रकृती बरी आहे एवढंच वाचलं. संध्याकाळी तुम्ही चुलीपाशी हात शेकत बसला होतात, तेव्हा मोठ्या शहाणपणानं तुम्हांला सांगितलं. मला वाटलं, शाबासकी मिळेल. तुम्ही मारलं नाहीत, आवाजही चढवला नाहीत. म्हणालात, "पत्र तिचं आहे. त्यातलं दुःखही तिचंच आहे. तू कोण ठेवून घेणारी? जा, वाचून ये." मी गेले. परत आले, "वाचलं" म्हणाले. तुम्ही डोक्यावरून हात फिरवलात.

मी वाचलं नव्हतं, बाबा. नळापर्यंत गेले, तिथं उभी राहिले आणि परतले. मावशी दोन वर्षं वाट पाहत राहिल्या. मग खाणीवरून आलेल्या कुणीतरी भर बाजारात त्यांना सांगितलं. त्यांनी तुमच्याकडे माझी तक्रार केली नाही. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. फक्त त्यानंतर कधी माझ्या हातात पत्र दिलं नाही.

त्या दोन वर्षांचा हिशेब डोक्यात घेऊन मी नऊ दिवस कामावर, लॅबमध्ये, रक्ताच्या नळ्या तपासत होते. दहाव्या दिवशी पत्र घेऊन काकांकडे गेले आणि कोट न काढताच म्हणाले, "काका, आय एम सॉरी. त्या दिवशी मी पूर्ण वाचलं नाही."

"माहीत आहे," ते म्हणाले. "वाक्य संपलं नव्हतं तिथं तू थांबलीस. मला दिसत नाही, ऐकू येतं."

"मग विचारलं का नाहीत?"

"तू येशील असं वाटलं. आणि खरं सांगू? मलाही जरा भीतीच वाटत होती."

मी वाचलं. बाळ, मार्च महिना, वर्कहाऊस, सगळं. ते म्हणाले, "आजी दर मार्चमध्ये एक दिवस जेवायची नाही. आमचं ताट वाढायची आणि खिडकीत जाऊन बसायची. मी एकदा कारण विचारलं, तर तिनं माझ्या थोबाडीत मारली. आयुष्यात तेवढी एकदाच." त्यांनी मला तारीख पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाले, "आता त्या मुलीचं काय झालं ते विचार."

मी चर्चला पुन्हा लिहिलं. मुलगी जगली होती. एका शेतकऱ्याकडे कामाला राहिली, तिथंच लग्न झालं. तिची नात त्याच गावात होती, सत्तरीची. चर्चवाल्यांनी आमचं पत्र तिला दिलं आणि तिनं माझ्या पत्त्यावर काकांना लिहिलं. घरचं, गाईंचं, पावसाचं लिहून शेवटी तिनं विचारलं होतं: माझी आजी मरेपर्यंत म्हणत होती, आई माझं नाव कधी घेत असेल का? तुम्ही तिच्याजवळ वाढलात. ती आमच्याबद्दल कधी बोलली का?

मी पेन घेऊन बसले. मनात म्हटलं, आता काका थोडं गोड करून सांगतील, आणि सांगितलं तर मी मुकाट्यानं लिहीन. काका म्हणाले, "लिही. नाही. कधीच बोलली नाही." मी लिहिलं. "आता मार्चमधला तो दिवस लिही. वाढलेलं ताट लिही. मला मारलेलं लिही. काही सोडू नकोस." लिहिता लिहिता माझ्याच्यानं आवरेना. त्या बाईचं उत्तर आलं त्यात चार ओळी होत्या. तिनं आमचं पत्र आपल्या आजीच्या थडग्यापाशी नेऊन मोठ्यानं वाचलं होतं.

काका या फेब्रुवारीत गेले. चर्चमध्ये मी मागच्या बाकावर बसले होते. बर्फ इतका होता, की फार लोक आलेच नाहीत. मागच्या महिन्यात आयर्लंडच्या त्या बाईचं आणखी एक पत्र आलं, काकांच्या नावानं, माझ्या पत्त्यावर. मी फोडलं. ती विचारते, मी आजवर विमानात बसले नाही, पण उन्हाळ्यात तुम्हांला भेटायला येऊ का? आजीच्या भाच्याला एकदा बघायचं आहे.

काका गेल्याचं तिला कळवायला हवं. रोज कामावरून आले की कागद घेऊन बसते. आजही बसले, आणि वर 'बाबा' असं लिहिलं गेलं. मघाशी धाकटी डोकावून गेली. "आई, हू आर यू रायटिंग टू?" मी म्हटलं, आयर्लंडला. ती "ओके" म्हणून खेळायला पळाली. त्या बाईला मी अजून एक अक्षर लिहिलेलं नाही.