गुरुवारची फेरी

प्रिय स्वप्नाली,

फोनवर विषय काढला की तू "आई, परत तेच?" म्हणून तोडतेस, म्हणून लिहितेय. पत्राचा फोटो काढून पाठवीन, रेंजमध्ये आलीस की वाच. आम्ही बरे आहोत. सिल्व्हर पार्कच्या गल्लीत पुन्हा खोदकाम निघालंय, बाबा कुरकुरत स्टेशन गाठतात.

ऑस्ट्रेलियात गुरं सांभाळायला जातेय म्हणालीस तेव्हाही मी घाबरले होते. पण जूनबाई आणि त्यांच्या नवऱ्याच्या त्या पहिल्या फार्मवर होतीस तोवर मला झोप लागायची. चार हजार गुरं, घोड्यावरून वळवायची. स्वयंपाकघरात फळा, कोण कुठे गेलं, कधी परतणार. संध्याकाळी सहाला वायरलेसवर प्रत्येकाला हाक. उत्तर आलं नाही तर जूनबाई जेवण झाकून स्वतः गाडी काढायच्या.

आताचं फार्म कंपनीचं. तीस हजार गुरं, हेलिकॉप्टरने हाकतात, मॅनेजर दरवर्षी बदलतो. केवढ्या कौतुकाने सांगत होतीस! बोअरवेल चालू आहेत का, गुरांचे हौद भरलेत का, हे बघायला एकटीने दीडशे किलोमीटर. म्हणजे मीरा रोडहून पार वापीपर्यंत, आणि मध्ये माणूस नाही.

मग रविवारी हसत हसत म्हणालीस, दोन टायर फुटले, वायरलेस बंद, चव्वेचाळीस डिग्रीत गाडीच्या सावलीत बसून राहिले. तू परतली नाहीस हे त्यांच्या लक्षात आलं दुसऱ्या दिवशी नाश्त्याला! पाणी किती उरलं होतं विचारलं, तर "होतं गं." तुझं हे "होतं गं" मी ओळखते. अंगात ताप घेऊन शाळेत जायचीस, तेव्हाही "बरी आहे गं"च म्हणायचीस.

तेव्हापासून भाजी निवडताना हात थांबतो. फोन वाजला की वाटतं, पलीकडून कुणी अनोळखी इंग्रजीत बोलणार.

येत्या गुरुवारी तुझी तीच फेरी आहे. म्हणून काल तुला न विचारता मी जूनबाईंना फोन केला. अडीअडचणीला म्हणून त्यांनीच नंबर दिला होता. चार वाक्यं लिहून पाठ केली होती, पण "माय डॉटर" म्हटलं आणि रडूच आलं. तशीच रडत टायर फुटल्याचं सगळं सांगितलं. मग त्यांनी एवढंच विचारलं, ती परत आली का हे तिथे कोण बघतं? मी म्हटलं, नोबडी. त्या म्हणाल्या, आमच्याकडे कामाला जागा आहे, बुधवारी दुपारी नवरा गाडी घेऊन येईल, यायचं की नाही ते तिने ठरवावं.

सव्वीस वर्षांच्या मुलीच्या नोकरीत आईने असं पडू नये, कळतं मला. बाबांनाही सांगितलेलं नाही. भांड माझ्याशी, महिनाभर बोलू नकोस. पण बुधवारी त्या गाडीत बस.

तुझीच,
आई