सोनीचं शहाणपण

काटोल, १ सप्टेंबर

ती. आईस, सा. न. वि. वि. फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून हा कागद.

पोळ्याला तुझ्याकडे येऊन गेल्यापासून आपली सोनी एकदम शहाणी झाली. साडेचार वर्षांची पोर, पण रडणं नाही, हट्ट नाही. दोडक्याची भाजी मुकाट्यानं खाते. मुकुंद शेजाऱ्यांना बोलावून दाखवतो. म्हणतो, सासूबाईंच्या जिभेचा गुण! फक्त गणपतीचे ढोल वाजले की पलंगाखाली जाऊन बसते. आवाज सहन होत नसेल. शाबासकी म्हणून तिला काहीतरी पाठव, आणि उरलेला लोभ आम्हाला.

तुझी अस्मिता

महाल, नागपूर, ५ सप्टेंबर

चि. सौ. अस्मितास, आशीर्वाद मागून. आधी हे वाच.

मी दुसरी शिकलेली, तुझं पत्र बोट ठेवून वाचलं. पलंगाखाली म्हटलं तिथं बोट अडकलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबतीची मिरवणूक आठव. तो थोरला पिवळा पुतळा आपल्या ओट्यासमोरून चालला होता, ढोल वाजून राहिले होते, लोक ओरडत होते, ढेकूण-मच्छर घेऊन जाय गे मारबत, खोकला घेऊन जाय गे मारबत. सोनीनं बुड्ढी के बाल पाहिजे म्हणून भोकाड पसरलं होतं. मीच हात वर करून ओरडली, रडक्या पोरीले घेऊन जाय गे मारबत! सारा ओटा हासला. जावईबापूनं टाळी वाजवली, तू फोनवर फिल्म काढली. पोरगी तिथंच गप झाली. अन् मी गल्लीभर सांगत फिरली, माझ्या एका हाकेत पोरगी सुधरली म्हणून. थू माझ्या तोंडावर.

शाबासकी कशाची पाठवू वं? ते शहाणपण नाही, भेव आहे. तुम्ही दोघं शिकलेले, तुमाले काहून नाही समजलं? तिले विचार. अन् ती फिल्म पुन्हा पाह्य. मारबत नको पाहू, पोरीचं तोंड पाह्य.

रागावली तरी तुझीच, आई

काटोल, ९ सप्टेंबर

ती. आईस नमस्कार.

विचारलं. सोनीनं आधी दाराकडे पाहिलं, मग माझ्या कानात म्हणाली, मारबतीला शेवटी जाळतात ना, मग तिनं नेलेल्या मुलींनाही जाळत असतील. ढोल वाजला की तिला वाटतं, मारबत परत आली. असं काही नसतं म्हणून समजावलं, तर म्हणते, आजीनं सांगितलंय. मुकुंद उठून गॅलरीत गेला, जेवायलाही आला नाही.

फिल्म पाहिली. तू ओरडतेस तेव्हा सोनी माझी ओढणी मुठीत धरते. फोन हलत होता म्हणून मी न बघताच तिची मूठ सोडवली. हीच फिल्म मी सगळ्या नातेवाइकांना पाठवली होती, आई.

तू ये. लोभ मागायची लाज वाटते.

अस्मिता

महाल, १५ सप्टेंबर

चि. सौ. अस्मिता अन् मुकुंदराव, दोघांसही आशीर्वाद. काटोलवरून परतीची बस वेळेवर पोचली.

तुम्ही बाजारात गेले होते तेव्हाचं सांगतो. मी पलंगासमोर खाली बसली. सोनीले म्हटलं, तुही आजी खोटं बोलली, मारबत पोरीले नेत नाही. पुढच्या साली मी माझंच नाव घेऊन ओरडीन, सिंधूची जीभ घेऊन जाय गे मारबत. वाटलं, हासन.

पोरगी बाहेर आली, दोन्ही हातांनी माझं तोंड दाबलं अन् मोठ्यानं रडायले लागली, आजीचं काही नको नेऊ म्हणून. इतक्या दिवसांचं रडली. जिनं तिले जाळायले धाडलं, तिलेच ते लेकरू वाचवून राहिलं होतं. अशी लाज मले जन्मात वाटली नाही. तुम्ही आल्यावर सोनीचे डोळे काहून सुजले विचारलं, तर पडली म्हणून सांगितलं. तेही खोटं.

आता हट्ट करन, करू द्या. शहाणी म्हणून कोणाले दाखवू नका. अन् ज्या दिवशी दोडक्याची भाजी फेकन, त्या दिवशी मले लगेच कळवा. वाट पाहून राहिली आहो.

तुमची आई, सिंधू