गोडाच्या मागं काय हाय

आण्णा, मी विमानात बसले. थाप न्हाय मारत, खरंच बसले. तुमी गेलात त्याला आठ वर्षं झाली. तुमाला कायबी सांगायचं असलं की मी बागंत वरच्या बांधावर जाऊन मनातल्या मनात बोलते, पण हे एवढं मोठं हाय की मनात मावंना, म्हणून वही घेतली. आठवीत शाळा सुटली त्यानंतर पयल्यांदाच एवढं लिहितीय, तवा शुद्धलेखनाला हसू नका. सिसिलीला गेलते मी. इटलीचं बेट हाय, भूमध्य समुद्रातलं. आमच्या भूगोलाच्या बाईंनी एकदा मला उभं करून इचारलं व्हतं, भूमध्य सागरी हवामानात कंचं फळ पिकतं. मला येत व्हतं. द्राक्षं! आपल्या दारातलं पीक, ते येणार न्हाय व्हय? पण सगळा वर्ग माज्याकडं बगायला लागला आन् माजी जीभ टाळूला चिकटली. बाई म्हणल्या, "बस. बागायतदाराची लेक आन् एवढं येत न्हाय." आण्णा, त्या बाईंना आता कुणीतरी सांगा, तितली द्राक्षं मी तोडून खाऊन आलीय!

कसं झालं ते सांगते. तुमच्या मागं आईनं आन् मी बाग मोडू दिली न्हाय. मेंढरं विकून तुमी लावलेली एक एकर, ती कशी मोडायची? गावातल्या बायांचा गट झाला, आन् आता गटाची द्राक्षं सोलापूरकडच्या एका वायनरीला जातात. त्या वायनरीचे सर हायत, लई चांगले, पण चेष्टा करत्यात. त्यांनी गटातल्या पाच जणींना सिसिली दाखवायची ठरवली, तितल्या बागा, तितल्या वायनऱ्या. आन् पाचातल्या एकीला ते कामावर घेणार व्हते. काम काय, तर तोडणीच्या आधी सगळ्यांच्या बागा फिरायच्या, मणी चाखायचे आन् सांगायचं, आज तोडा, का अजून चार दिवस थांबा. सर म्हणले, "मशीन साखर सांगतं, चव सांगत न्हाय. दहावी नसली तरी चालंल, जीभ पायजे." तर बाया एका सुरात म्हणल्या, आण्णाच्या पोरीला घ्या! तुमीच सगळ्या गावाला सांगून ठिवलंवतं ना. व्यापारी दारात आला की म्हणायचात, "तुमचं मशीन ठेवा पिशवीत. माज्या पोरीच्या जिभंला समदं कळतं."

मला रडूच आलं, आण्णा. माज्या जिभंचं खरं काय ते तुमाला ठावं नव्हतं. म्हंजे मला वाटायचं, तुमाला ठावं न्हाय.

तो आपला खेळ आठवतो की. फेब्रुवारी हाय, दिस उगवायचाय, मंडपाखाली गारवा हाय. मी पाटीवर बसलेय आन् तुमी आतनं येताय, मूठ झाकलेली. "डोळं मीट. आ कर. सांग, कुटला?" विहिरीकडच्या ओळीतला का वरच्या मुरमाडातला, हे मी सांगायचं. मी बरोबरच सांगायची. जवळजवळ दर बारीला. आन् तुमी मांडीवर थाप मारून आईला हाक मारायचात, "आगं बाहीर ये, ऐक हिचं!" खरं सांगते, मी डोळं पुरतं मिटतच नव्हते. पापण्यांतनं खाली तुमचे पाय दिसायचे. पायाला चिखल असला की विहिरीकडचा, पांढरी धूळ असली की वरचा. जिभंचं त्यात कायबी नव्हतं. एकदा तुमी कुटला ते न्हाय इचारलं, कसा हाय म्हणलात, आन् मी म्हणले गोड हाय. तवा केवढं रागावला व्हतात! "गोड तर साखर बी असती. गोडाच्या मागं काय हाय ते सांग!" मी पळून गेले.

तर असली खोटी जीभ घेऊन मी सिसिलीला निघाले.

गणपती उठले आन् आमी निघालो. आईनं कडक भाकरी बांधून दिल्या, शेंगा चटणी दिली, आन् पदरानं माजं तोंड पुसत म्हणली, "तितं वाइन असती. ओठाला लावू नगंस. तुजं आण्णा वरनं बगत्यात." विमान वर गेलं तवा मी खिडकीतनं बगितलं, वर तर मीच व्हते, तुमी कुटं दिसला न्हाय. आपल्या घराशेजारची मशेरीवाली मावशी, पाचातलीच एक, माज्या बाजूला बसलेली. तिनं सगळ्या वाटंत माजा हात सोडला न्हाय आन् वर मलाच म्हणायची, "भिऊ नगं गं, मी हाय की."

पयली वायनरी समुद्राकडं. आण्णा, समुद्र आन् द्राक्षबाग एका नजरंत! निळं पाणी, त्याच्या अलीकडं हिरव्या ओळी, आन् वाऱ्याला खारट वास. आत स्टीलच्या टाक्या, आपल्या दूध डेरीपेक्षा चकाचक. आमाला पाच जणींना टेबलाशी उभं केलं, पुढं काचंचे गिलास. सरांनी समजावलं, गिलास फिरवायचा, वास घ्यायचा, घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा आन् ह्या बादलीत थुकायचा. दिवसात इतक्या चवी घ्यायच्या तर गिळून भागत न्हाय, तितं सगळेच थुकतात. आमी एकमेकींच्या तोंडाकडं बगायला लागलो. फरशी अशी की तोंड दिसावं, आन् हितं थुकायचं? मावशी म्हणली, "बग की गं, एवढी म्हाग वस्तू थुकायची, आन् आमच्या मशेरीला नावं ठिवायची!" आन् तिनं घोट घेतला, गालात फिरवला, आन् दोन हातांवरनं अशी पिचकारी मारली की थेट बादलीच्या मधोमध. एक थेंब बाहीर न्हाय. तितल्या माणसानं टाळ्या वाजवल्या. सरांना इचारलं, ह्या बाईंना हे काम करून किती वर्षं झाली? सर म्हणले, "तीस." मावशी दिवसभर फुगून व्हती.

दुसऱ्या वायनरीत तर जमिनीत गळ्यापतूर पुरलेले मोठे मोठे रांजण, त्यात वाइन मुरत ठेवलेली. मावशी वाकून म्हणली, "पेव हाय की गं ह्यो! माज्या सासऱ्याचं असंच व्हतं, पर त्यात जवारी व्हती." मी झाकणाजवळ नाक नेलं. ओल्या मातीचा वास, आन् त्याच्या मागं वाळत घातलेल्या बेदाण्याचा. मी हे हळूच मावशीला सांगितलं. मावशी म्हणली, "मला काय सांगतीस? सरांना सांग." मी न्हाय सांगितलं.

आन् मग तिसरी. ज्वालामुखीच्या अंगावर, आण्णा! खराखुरा, वर धूर निघत व्हता. काळी वाळूसारखी माती, काळ्या दगडांचे बांध. सर म्हणले आपली सोलापूरची काळी माती बी लई जुन्या काळच्या ज्वालामुखीचीच हाय. मी मूठभर उचलून बगितली. तितं मंडप न्हाय, तार न्हाय. एकेक वेल आपल्या तुरीएवढा, एका काठीला बांधलेला, बुंधा म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यासारखा. मालकीण सत्तरीची आज्जी, पण फुल पँट आन् बूट. तिनं एक मणी तोंडात टाकला, साल चावली, बी तळहातावर काढली आन् तांबूस झालीय का ते उजेडात धरून बगितलं. तुमीच, आण्णा. अगदी तुमच्यासारखं, मान तिरपी करून. तिनं मला बी एक मणी दिला आन् आमाला घेऊन तिचे तिन्ही तुकडे फिरली, खालचा समुद्राकडचा, मधला, आन् वरचा धुराजवळचा. मी तिन्हीतले मणी खाल्ले. हितं पाय बगून कायच कळलं नसतं, सगळ्यांचे बूट सारखेच काळे.

दुपारी टेबलावर तीन गिलास आले. तीन तुकड्यांची तीन वाइन, पण कंचा कुटला ते सांगायचं न्हाय, आमी वळखायचं. सर म्हणले रंगावरनं कळतं, म्हणून डोळं बांधा. मनात म्हणलं, रुमाल बांधला तरी खालनं फट राहील, थोडा रंग दिसंल. तर मावशीनं काय करावं? आमी आज्जीला भेट म्हणून आपला सोलापूरचा टॉवेल नेलता, तोच उचलला आन् माज्या डोळ्यांवर दोन वेढं घालून मागं गाठ मारली. आण्णा, सोलापूरच्या टॉवेलातनं काय दिसतंय व्हय! काळा मिट्ट अंधार. त्या बारीला मला वाटलं, आता समदं उघडं पडणार. माजं न्हाय, तुमचं. तुमी गावभर सांगितलेलं खोटं ठरणार.

पयला घोट. काय कळलं न्हाय. नुसतं आंबट-तुरट. मी घाईनं बोलले, "मधला." आवाज माजा मलाच ऐकू आला न्हाय. सर म्हणले, "मोठ्यानं." मी म्हणले, "मधला." थुकलं. दुसरा घोट घेतला, आन् तुमी आठवला, गोडाच्या मागं काय हाय ते सांग. आन् मला एकदम कळलं, आण्णा! ह्यात गोड न्हायच! साखरंची समदी वाइन झाली. गोड निघून गेलंय आन् नुसतं मागचं तेवढं उरलंय! मी घाई सोडली. घोळवलं. ह्या दुसऱ्यात सकाळी खाल्लेल्या मधल्या तुकड्यातल्या मण्याची साल व्हती, जांभळाच्या सालीसारखी जिभंला वढणारी. मग पयल्यात काय व्हतं? कडंला मीठ व्हतं, लई बारीक, पयल्या वायनरीतल्या वाऱ्यासारखं. मी वरडलेच, "थांबा! चुकलं माजं! पयला समुद्राकडचा, ह्यो मधला!" आन् हातानं खाली समुद्र कुटं ते दाखवलं, टॉवेल बांधलेल्या डोळ्यांनी. मराठीतच वरडले, पण आज्जीला हातावरनं कळलं, ती खळखळून हसली. मग तिसरा घोट. त्यात राख व्हती, इझलेल्या चुलीत पाणी मारल्यावर येतो तो वास. "वरचा. धुराजवळचा."

मग मावशीनं टॉवेल सोडला तर सर नुसते मान हलवत उभे, आन् आज्जीनं माजी हनुवटी धरून माज्या तोंडात बगितलं, जनावराचं दात बगतात तसं! सर म्हणले, "तिन्ही बरोबर! जानेवारीपासून माज्याबरोबर बागा फिरायच्या. पण एक अट हाय. जे कळंल ते मोठ्यानं सांगायचं. तुजा आवाज बागंतनं रस्त्यापतूर आला पायजे." मावशी म्हणली, "रस्त्यापतूर कशाला, आता वरडली ते आपल्या तिकडं मोहोळ गावाला ऐकू गेलं आसंल!"

परवा घरी आले. आई भाकरी थापत व्हती. मी तिला समदं सांगितलं, आन् सांगता सांगता ते पायाचं बी सांगून टाकलं, की मी पापण्यांतनं बगायची, आण्णाला फसवलं मी. आईनं भाकरी उलटली आन् म्हणली, "त्यांना ठावं व्हतं की."

"काय?"

"आगं, शेवटच्या साली ते हौदावर पाय धुऊन मंग तुज्याकडं यायचे. मी इचारलं, एवढ्या थंडीत पाय कशाला धुताय? तर म्हणले, पोरगी पाय बगती, आता जिभंनं सांगू दे."

आण्णा, मला आठवलं. त्या साली तुमचे पाय ओले असायचे, दोन्ही सारखे, आन् मला कळायचं न्हाय. मी चुकायची. पयल्यांदा चुकले तवा तुमी फक्त अजून एक मणी दिला. मग अजून एक. मंग हळूहळू मी बरोबर सांगायला लागले, आन् तुमी मांडीवर थाप मारलीत, ती बाकीच्या सगळ्यांपेक्षा मोठी व्हती. मला वाटलं व्हतं, माजं नशीब.

आता छाटणी आलीय. उद्यापासनं कात्री हातात, वरच्या मुरमाडापासून सुरुवात करणार. ह्या पानांचं काय करायचं ते कळंना. तुमच्यापतूर जायाचं न्हाय, आन् घरात ठिवलं तर आईच्या हाताला लागंल, तिला वाचता येतं. म्हणून ही पानं मी पासपोर्टच्या आत घालून पत्र्याच्या पेटीत खाली ठेवणार हाय. कारण एक गोष्ट मी आईला सांगितली न्हाय. तिला म्हणले, तिन्ही घोट थुकले. दोनच थुकले, आण्णा. तिसरा, धुराजवळचा, तो मी गिळला. मुद्दाम. गिळल्यावर मागं काय उरतं ते बगायचं व्हतं.