घुमटाखाली पलीकडची जागा रिकामी ठेवण्याबाबत

प्रति,
मा. आरक्षण अधिकारी,
प्रवेश व तिकीट विभाग,
जुना घुमट व वस्तुसंग्रहालय.

विषय : घुमटाच्या दालनातील आगाऊ आरक्षित दोन जागांपैकी एक रिकामी ठेवून मला एकटीला प्रवेश मिळण्याबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे दोन अर्ज, त्यांना आलेली आपली उत्तरे व तिकीट खिडकीवर झालेली समक्ष भेट.

महोदय,

सदर आरक्षण माझ्या वडिलांनी केले. त्या दिवशी त्यांनी सकाळी आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातला, बूट चढवले आणि ते संगणकासमोर जाऊन बसले. आरक्षण उघडायला अजून अवकाश होता. बूट कशाला, असे आईने विचारले. "कचेरीचं काम आहे," ते म्हणाले. "घरात बसून रांगेत उभा राहणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही," आई म्हणाली. तिकिटे मिळाली. वडिलांनी "झालं" एवढेच म्हटले आणि दोन प्रती छापल्या. एक मला दिली, "माझी हरवली तर." दुसरी स्वतःच्या पाकिटात ठेवली, "तुझी हरवली तर." मग जेवले, पंखा फार आवाज करतो म्हणून कुरकुरले आणि झोपले. दुसऱ्या दिवशी उठले नाहीत. त्यांना कशालाच उशीर होत नसे, त्यामुळे आम्हाला लवकर कळले.

वडील इस्पितळात एक्स-रे काढण्याचे काम करत. आडोशामागे उभे राहून "श्वास घ्या, रोखा, सोडा" असे ते आयुष्यभर लोकांना सांगत आले. घरी त्याहून फार अधिक बोलत नसत. खोलीबाहेरच्या बाकांवर नंबराची वाट पाहत बसलेली माणसे रोज नजरेस पडल्यामुळे असेल, पण आपल्या माणसाला कुठेही ताटकळावे लागू नये असा त्यांचा हट्ट होता. म्हणून कोणत्याही गावी जायचे ठरले की तिथले संग्रहालय, किल्ला, राजवाडा यांची तिकिटे आधी निघत, सामानाची बॅग नंतर. इतके करून आम्ही दारावर तासभर आधी पोहोचत असू, त्यामुळे ताटकळणे काही चुकले नाही. आई बरोबर येत नसे. "दगड बघायला एवढ्या लांब कशाला? घरात एक आहे तो पुरे," असे तिचे म्हणणे. म्हणून दुसरे तिकीट नेहमी माझे असे.

आपल्या घुमटाखालच्या दालनात माणसे जोडीनेच सोडतात, हे मला ठाऊक आहे. एकाने या टोकाच्या भिंतीशी तोंड नेऊन हळू बोलायचे, दुसऱ्याने त्या टोकाच्या भिंतीला कान लावायचा. मध्ये एवढे अंतर असूनही शब्द न् शब्द पोहोचतो म्हणतात. तेवढा वेळ दार बंद असते, तिसरा माणूस आत नसतो. समोरासमोर बसून न बोलणाऱ्या गृहस्थांनी या वेळी नेमकी हीच जागा का निवडली, हे मला त्यांना विचारता आले नाही.

वडिलांची जागा रिकामी ठेवून मला एकटीला आत सोडावे, अशी विनंती मी पहिल्या अर्जात केली होती. तिकिटावरील नाव बदलता येत नाही, असे आपण कळवले. नाव बदलावे असे मी म्हटले नव्हते. दुसऱ्या अर्जासोबत मृत्यूचा दाखला जोडला. त्यावर, गैरहजर राहू इच्छिणाऱ्या पर्यटकाने ओळखपत्रासह समक्ष येऊन तसे लिहून द्यावे, असे उत्तर आले. मध्यंतरी आपल्या विभागाकडून वडिलांच्या फोनवर संदेशही आला : "आपली भेट जवळ आली आहे. कृपया वेळेवर पोहोचावे." ही आठवण त्यांना आजवर कोणी करून दिली नव्हती.

म्हणून मी खिडकीवर समक्ष गेले. तिथल्या बाई चांगल्या आहेत, त्यांच्याविरुद्ध ही तक्रार समजू नये. त्यांनी दाखला वाचला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "अहो ताई, पण पलीकडे कोणी नसलं तर ऐकणार कोण?" मग त्यांनीच दोन तोडगे सुचवले. एक, त्याच वेळेला एक एकटे काका येणार आहेत, त्यांनाही जोडी हवी आहे. दुसरा, दालनाचे पहारेकरी पलीकडे उभे राहतील. "त्यांना कमी ऐकू येतं, तुम्ही मोकळेपणी बोला," असे त्या हळूच म्हणाल्या. पहारेकरी शेजारीच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली, त्यावरून त्यांना ऐकू गेले असावे.

मी दोन्ही तोडग्यांचा प्रामाणिकपणे विचार केला. काकांना मी काय सांगणार? आणि पहारेकऱ्यांना ऐकू आले तरी पंचाईत, न आले तरी पंचाईत.

तरी विनंती की, सदर वेळेस पलीकडच्या भिंतीपाशी कोणालाही उभे करू नये. ती जागा वाया जात आहे असे समजू नये, ती आरक्षित आहे. वडिलांच्या फोनवर येणारे संदेश थांबवू नयेत, तो फोन मी चार्ज करून ठेवते. तसेच मला दाराबाहेरच्या बाकावर वेळेच्या बरेच आधी येऊन बसू द्यावे. उशिरा येणाऱ्यांसाठी आपला नियम आहे, लवकर येणाऱ्यांसाठी मला आढळला नाही.

अर्ज पाठवण्याआधी उभे राहून मोठ्याने वाचावा, डोळ्यांना न दिसलेले कानांना कळते, ही वडिलांची शिकवण. त्याप्रमाणे हा अर्ज मी स्वयंपाकघरात वाचला. आई भाजी निवडत होती. बाकाच्या विनंतीपर्यंत आले आणि माझा आवाज थांबला. आई मान वर न करता म्हणाली, "थांबलीस का? बोल की पुढे." पुढे कागदावर काही नव्हते. जे घुमटाखाली हळू आवाजात सांगायचे योजले होते, ते मी तिथेच, शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलून गेले. अर्ज पुरा असावा म्हणून ते इथे नमूद करते. मात्र एकदा सांगून झाले या कारणाने माझी भेट रद्द करू नये.

बाबा, आत काय काय बघितलं ते मला काही आठवत नाही. तुमच्या शेजारी बाकावर बसून दार उघडायची वाट बघायला मला फार आवडायचं.

आपल्या निर्णयाच्या प्रतीक्षेत,
आपली नम्र,
(सही)
सदर आरक्षणातील पर्यटक क्रमांक दोन

दिनांक : १४ मार्च

सोबत :
१. मृत्यूच्या दाखल्याची प्रत.
२. तिकिटाच्या दोन्ही प्रती. एकही हरवलेली नाही.