हिरो मधल्या वेळात काय करतो

४ मार्च

आजपासून रोजनिशी. कारण आजपासून मी लेखक.

घडलं ते असं. वीस मिनिटांचा सिनेमा काढणारी एक मुलगी थिएटरमध्ये आली होती. सिनेमा तयार झाला की सकाळच्या रिकाम्या वेळेत हॉल मिळेल का, विचारायला. मॅनेजर म्हणाला, मिळेल, पण सिनेमा कुठाय? ती म्हणाली, कॅमेरा आहे, माणसं आहेत, फक्त गोष्ट नाही. हिरो साधा माणूस हवा. मॅनेजरने माझ्याकडे बोट दाखवलं. म्हणाला, हा आमचा डोअरकीपर, तेवीस वर्षं टॉर्च मारतोय, जगातले सगळे हिरो याच्या डोळ्यांखालून गेलेत.

तो थट्टेने म्हणाला, पण खरं ते खरं. इथे लागलेला एकही सिनेमा मी सोडलेला नाही.

मुलगी म्हणाली, काका, महिनाअखेरीला ऐकवा. आवडली तर पडद्यावर 'कथा' लिहून पुढे तुमचं नाव.

ज्या पडद्याकडे पाठ करून मी लोकांना सीट दाखवतो, त्या पडद्यावर माझं नाव. मनातल्या मनात देवाला हात जोडले. खरे जोडता आले नाहीत, हातात टॉर्च होता.

घरी सांगितलं. ही म्हणाली, छानच झालं, आता लेखक नळाचा वॉशर कधी बदलणार आहेत?

संकल्प : रोज दोन पानं. शो सुरू झाला की दारं लावायची आणि बाहेर स्टुलावर बसून लिहायचं.

७ मार्च

तीन दिवस लिहिलं नाही. विचार चालू होता. विचार हेही लेखनच.

पद्धत ठरवली : पडद्यावरच्या हिरोंशी तुलना करत आपला हिरो घडवायचा.

एन्ट्री. पडद्यावरचा हिरो आधी बूट दाखवतो, मग पट्टा, मग मनगट. चेहरा दिसेपर्यंत उशिरा आलेली दोन-तीन कुटुंबं माझी बसवून होतात. माझा हिरो चेहऱ्यासकट येईल.

केस. त्यांचे वादळातही जागच्या जागी. माझ्या हिरोचे मागे थोडे विरळ. उंची बेताची. वय पन्नाशीच्या आसपास. (योगायोग.)

मारामारी. ते एका वेळी दहा जणांना लोळवतात. माझा हिरो दहा जणांना समजावून सांगेल. वेळ जास्त लागेल, पण परिणाम टिकतो.

देव. हे महत्त्वाचं. संकट आलं की पडद्यावरचे हिरो देवाला ओरडून जाब विचारतात. माझा हिरो हळू बोलेल. देव काही बहिरा नाही.

धंदा : लांब पल्ल्याचा ट्रक. पहिल्या पानावर आठ महिन्यांसाठी घरातून निघतो. निघताना बायकोला म्हणतो, दार लावून घे. एवढंच. पण त्यात सगळं येतं.

११ मार्च

शेवट झाला. एका बैठकीत.

आधी शेवटांची तुलना केली. लांब कोटवाला हिरो आगीतून चालत येतो आणि मागे वळून बघत नाही. पोलीस हिरो टोपी उचलतो. गाणारा हिरो स्टेशनवर धावतो. सगळ्यांत समान गोष्ट ही की कोणीतरी कोणाला मिठी मारतं आणि मी दार उघडतो.

माझा शेवट : ट्रक थांबतो. हिरो उतरतो. बायको अनवाणी धावत येते, डोळ्यांत पाणी. हिरो म्हणतो, आलो. बस, एकच शब्द. वाचताना मलाच हुंदका आला. कँटीनवाल्याने पाणी आणून दिलं.

सुरुवात दोन पानं, शेवट दोन पानं. मध्ये तीन कोरी सोडून वर लिहून ठेवलंय, 'इथे गोष्ट'. ते किरकोळ काम आहे. एक दुपार पुरेल.

१३ मार्च

कँटीनवाल्याला वाचून दाखवलं. म्हणाला, टॉर्चराव, एक नंबर. मग कप विसळता विसळता म्हणाला, पण हा गेला आणि आला, मध्ये करतो काय? म्हटलं, ट्रक चालवतो. तर म्हणे, तीन पानं ट्रकच चालवतो?

याला साहित्यातलं काही कळत नाही.

तरी प्रश्न डोक्यात राहिला. इतर हिरो मध्ये काय करतात ते आठवायला बसलो. कोटवाला येतो, मग आग लागते. पोलीस येतो, मग टोपी उचलतो. पुढचं आठवेना. वयामुळे असेल, असं आधी वाटलं.

मग उजेड पडला. पहिली दहा मिनिटं मी उशिरा येणाऱ्यांना बसवतो आणि बाहेर पडतो. शेवटची दहा मिनिटं दारं उघडण्यासाठी आत असतो. इंटरव्हलला आत डोकावतो तेव्हा हिरोचा धक्का बसलेला चेहरा दिसतो, तेवढाच काय तो मधला भाग. तेवीस वर्षं मी धक्का बसलेले चेहरे पाहतोय. कशाचा धक्का, ते कधी विचारलं नाही.

हे कोणाला सांगायचं नाही.

१४ मार्च

गुपचूप माहिती काढली.

कँटीनवाल्याला मधला भाग विक्रीवरून कळतो. हिरो मार खाऊन पडला तर थंड पेयं जातात, प्रेमात पडला तर पॉपकॉर्न. आई गेली तर कोणी काही घेत नाही. म्हणून हिरोच्या आईच्या तब्येतीबद्दल त्याला फार काळजी वाटते.

ऑपरेटर म्हणाला, पूर्वी रिळं बदलायला जागं राहावं लागायचं, तेव्हा विचारायचं होतंस. आता बटण दाबतो आणि डोळे मिटतो.

म्हणजे आमच्या थिएटरमध्ये सिनेमाचा मधला भाग फक्त प्रेक्षक पाहतात. आणि प्रेक्षकांना विचारणं मला शोभत नाही.

१७ मार्च

सुटी होती. संकल्प केला, तिकीट काढून आख्खा सिनेमा बघायचा. आतल्या खुर्चीत आयुष्यात पहिल्यांदा बसलो. खुर्ची छान आहे, लोक तक्रार का करतात कळत नाही.

हिरो आला. आधी बूट. मी मनात हसलो. नायिकेची स्कूटर बंद पडली. हिरो तिच्याकडे जायला निघाला आणि मी उठलो. मुद्दाम नव्हे. दहा मिनिटं झाली की माझे पाय आपोआप उठतात. चार जणांच्या पायांवर पाय देत दारापर्यंत पोचलो तेव्हा बदलीवाल्याने टॉर्च तोंडावर मारून विचारलं, कुठे निघालास?

परत जाऊन बसलो. परत उठलो. तिसऱ्यांदा मागचे गृहस्थ म्हणाले, काका, डॉक्टरला दाखवा.

स्टुलावर बसून चहा घेतला. शेवट आत जाऊन पाहिला. शेवट उत्तम होता.

१९ मार्च

प्रश्न सुटला. आमचे गावच्या शाळेतले गुरुजी सांगायचे, निबंधाची सुरुवात आणि शेवट चांगला करा, मधलं तपासायला मला वेळ नसतो. त्या जोरावर मी सातवीत पहिला आलो होतो.

शिवाय गणित बघा. सिनेमा वीस मिनिटांचा. पहिली दहा आणि शेवटची दहा. मध्ये काही उरतच नाही. देवाने माझ्यासाठी बरोबर मापाचा सिनेमा पाठवला. त्याची योजना कळायला आपल्याला जरा वेळ लागतो, एवढंच.

२२ मार्च

तरी खबरदारी म्हणून हिला विचारलं. फॅमिली पासवर ही दर आठवड्याला दुपारचा शो बघते, तेव्हा हिला थोडंफार माहीत असणार. ही कोणाची तरी पँट आखूड करत बसली होती. तोंडात टाचण्या. म्हणाली, कुठल्या सिनेमातलं मधलं? म्हटलं, सगळ्याच.

टाचण्या काढून म्हणाली, मध्ये तुमचे हिरो अर्धा वेळ नसतातच. कोणी तुरुंगात, कोणी परगावी, कोणी गाण्यात. घरचे लोक घरी असतात. मग म्हणाली, तुमचा ड्रायव्हर आठ महिने नाही ना, मग विजेचं बिल कोण भरतं? सासूला दवाखान्यात कोण नेतं? पोरगं विचारतं, बाबा कुठंयत, तेव्हा त्याला काय सांगतात?

मी म्हटलं, अगं, हा हिरोचा सिनेमा आहे. ती म्हणाली, मग राहू दे. आणि मशीन सुरू केलं.

ही मुद्दा सोडून बोलते. पण अक्षर बरं आहे तिचं. नक्कल करायला देईन.

२५ मार्च

राजीनामा दिला. पडद्यावर नाव आल्यावर त्याच पडद्यासमोर टॉर्च घेऊन वाकणं बरं दिसणार नाही. मॅनेजरने कागद घेतला, बरं म्हणाला. डोळे भरून आले असावेत, मी पाहिलं नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी

हाऊसफुल. बदलीवाला आला नाही. मॅनेजर ओरडत आला, अरे टॉर्च कुठंय तुझा? धावलो. माणुसकी म्हणून. शो सुटल्यावर पाहिलं तर माझ्या राजीनाम्याच्या मागे त्याने सर्दीच्या औषधांची नावं लिहून तो कागद दुकानात पाठवला होता. औषधवाल्याकडून परत आणवला. पुन्हा दिला नाही. मोठी माणसं शेवटपर्यंत साधेपणाने नोकरी करतात.

३० मार्च

आज ऐकवली.

फॉयरमधल्या सोफ्यावर बसलो, मुलगी समोर खुर्चीत. हिला बरोबर नेलं होतं. यशाच्या क्षणी घरचं कोणी असावं. एन्ट्री वाचली. मुलगी हसली, छान हसली. शेवट वाचला. तिने डोळे मिटले. 'आलो' म्हणून मी थांबलो.

ती म्हणाली, काका, दोन्ही टोकं गोड आहेत. मध्ये काय होतं? मी दहा अधिक दहाचं गणित समजावलं. ती इतकी हसली की ठसका लागला. मग म्हणाली, पण खरंच, मध्ये काय? मी छताकडे पाहिलं. छताचा रंग उडालाय.

तेवढ्यात ही म्हणाली, मी सांगू का? मुलीने मान वळवली. मग खुर्चीच वळवली. काकू, सांगा की.

हिने सांगायला सुरुवात केली आणि आतला शो सुटायची वेळ झाली. मी दारं उघडायला गेलो. गर्दी, एका आजोबांची हरवलेली छत्री, पुढच्या शोची रांग. परत आलो तर ही बोलतच होती आणि मुलगी चष्मा पुसत होती. मी विचारलं, काय झालं? दोघी म्हणाल्या, काही नाही.

२ एप्रिल

ठरलं. फोन आला. माझी सुरुवात आणि माझा शेवट, थोडे बदल करून, ठेवणार. सिनेमाला अजून काय असतं?

कँटीनवाल्याला, ऑपरेटरला, बदलीवाल्याला, मॅनेजरला आणि इस्त्रीवाल्याला सांगितलं. पडद्यावर नाव किती वेळ राहतं ते मोजलं. एका श्वासात वाचून होतं. माझं नाव लांब आहे, तेव्हा ते थोडा जास्त वेळ ठेवायला सांगायला हवं.

देवाजवळ काही मागितलं नाही. फक्त म्हटलं, बघायला या.

२० एप्रिल

शूटिंग. एका भाड्याच्या घरात. हिला आत बोलावलं, ही त्या नटीला काहीतरी दाखवत होती. मला दिग्दर्शिकेने सर्वांत जबाबदारीची जागा दिली. बाहेरच्या दाराशी उभं राहून शेजाऱ्यांना आत येऊ द्यायचं नाही. म्हणाली, काका, हे तुमच्याशिवाय कोणाला जमणार नाही.

दिवसभर एकही माणूस आत गेला नाही. मीसुद्धा.

३ मे

सकाळी शो झाला. हॉल अर्धा भरला. मॅनेजरने मला ड्यूटीतून मोकळं केलं होतं. तिसऱ्या रांगेत मी आणि ही.

सुरुवातीला हिरो आला. चेहरा नाही, पाठ दिसली. दार लावून घे म्हणाला आणि गेला. एक मिनिटसुद्धा नाही. मी हिच्याकडे पाहिलं. ही पडद्याकडे पाहत होती.

मग मधला भाग. थोड्या वेळाने माझे पाय उठायला लागले. हिने न बघता गुडघ्यावर हात ठेवला. बसलो.

पडद्यावरची बाई तापलेलं पोर मांडीवर घेऊन फोनवर सांगते, सगळं ठीक आहे, तुम्ही जपून चालवा. दर दोन दिवसांनी ती कपाटातला नवऱ्याचा धुतलेला शर्ट काढते, पुन्हा धुते आणि दारात वाळत घालते. घरात पुरुष आहे हे बाहेरून दिसावं म्हणून. शर्ट निळ्या चौकड्यांचा. माझाच होता.

शेवटी ट्रक आला. बाई धावली नाही. दार उघडलं, त्याच्याकडे पाहिलं, म्हणाली, हात धुऊन घ्या. लोक टाळ्या वाजवायला लागले. पडद्यावर अक्षरं आली. कथा, आणि पुढे हिचं नाव. एकटीचं.

मी उठलो. रागाने नव्हे, शेवट झाला म्हणून. सवयीने जाऊन दोन्ही बाजूंची दारं सताड उघडली. बाहेर लख्ख ऊन. ते आत शिरून थेट पडद्यावर पडलं आणि उरलेली सगळी नावं पांढरी झाली. ऑपरेटर सांगतो, आभारांमध्ये चहावाल्यानंतर माझं नाव होतं. त्याच्यावर अविश्वास दाखवायचं कारण नाही. आज तो जागा होता.

घरी येताना हिला म्हटलं, मी कधी ट्रक चालवला? मी तर रोज रात्री घरी येतो. ही म्हणाली, दुपारी जाता, मध्यरात्री येता. मधलं तुम्ही कधी विचारलंत?

विचारलं होतं, मार्चमध्ये. पण तसं बोललो नाही.

५ मे

मॅटिनी. दारं लावली. स्टुलावर.

दिग्दर्शिकेचा फोन आला होता. माझ्या फोनवर, पण हिच्यासाठी. दुसरी गोष्ट हवी आहे, या वेळी मोठी, दोन तासांची. ही हो म्हणाली. सकाळपासून मशीन बंद करून काहीतरी लिहीत बसली आहे, चहा मीच केला.

तिच्याजवळ कप ठेवताना सहज विचारलं, यात नवरा आहे का?

म्हणाली, अजून ठरलेलं नाही.