श्वासाच्या नऊ जागा

२ डिसेंबर, दिग्रस

आलो एकदाचे! नाशिकहून निघालेला टेम्पो काल दुपारी पोचला आणि आईच्या लोणच्याच्या दोन बरण्या सोडल्या तर सगळं शाबूत उतरलं. बाबांची पाटबंधारे खात्यात इकडे बदली झाल्यापासून आईचं 'कुठे जाऊन पडतोय आपण' चालू होतं. शेजारच्या संगीताकाकूंनी पातेलंभर कढीगोळे पाठवले, तेव्हापासून ती गप्प आहे. क्वार्टरच्या मागच्या खिडकीतून जिनिंगचं आवार दिसतं, कापसाचे डोंगर रचलेत नुसते. तंतू उडत उडत घरात येतात. आईने आल्याआल्या तीनदा जाळी पुसली. स्वच्छता हा आमचा खानदानी आजार आहे. मलाही तो जडलाय, फक्त माझा कानात आहे. पंख्याची घरघर, टेबलाची कुरकुर, कुणाचं नाक ओढणं, काहीच मला खपत नाही. नाशिकच्या कॉलेजात नाटकांचं ध्वनिमुद्रण मीच साफ करून द्यायचे, आणि त्याचा मला गर्व होता, हेही लिहून टाकते. उद्यापासून नवं कॉलेज.

५ डिसेंबर

बी.ए. दुसऱ्या वर्षाला आता 'व्हिडिओ निर्मिती' नावाचा विषय आहे. तिघातिघांनी मिळून एक गाणं चित्रित करायचं आणि जानेवारीत सगळ्यांपुढे दाखवायचं. गट आधीच पडलेले. उरलेसुरले दोघं माझ्या वाट्याला आले, पण निघाले भले. लखन कॅमेरा सांभाळतो. तो मिनिटाला दोनशे शब्द बोलतो आणि मी तोंड उघडलं की हसतो. तू पुस्तकासारखी काहून बोलून राह्यली, असं त्याने मला पहिल्याच दिवशी विचारलं. धम्मदीप त्याच्या अगदी उलट, विचारल्याशिवाय बोलत नाही.

गाणं त्याच्या घरी आहे. त्याच्या मोठ्या बहिणीने, दीपाने, स्वतः लिहून स्वतः म्हटलेलं. ती गेल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये गेली. सिकलसेल होता, रक्ताचा आजार. वीस वर्षांची होती. एवढं सांगून तो बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत बसला. मग ठरलं की गाणं तेच. पडद्यावर ओठ माझे, आवाज तिचा. मला सुरात गाता येत नाही, पण ओठ हलवायला सूर कशाला लागतो?

८ डिसेंबर

सहा डिसेंबर होऊन जाऊ दे, मग घरी ये, असं धम्मदीप म्हणाला होता, म्हणून आज गेले. त्याच्या आई, जयाकाकू, दिवसभर कापूस वेचायला जातात. संध्याकाळी त्या आल्या, हातपाय धुतले आणि आधी मला चहा दिला. पुढच्या खोलीत बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्याखाली दीपाचा फोटो. पांढरी साडी, निळा काठ, पुढ्यात पेटी. जयंतीच्या कार्यक्रमांत ती गायची. आजूबाजूच्या गावांतून तिला बोलावणं यायचं.

गाणं फक्त काकूंच्या फोनमध्ये आहे. शेवटच्या महिन्यात, खाटेवर उशीला टेकून, तिने स्वतःच रेकॉर्ड केलेलं. 'पऱ्हाटी फुलली, माय माझी निघाली' अशी सुरुवात. आठच ओळी, आठवी संपताच धम्मदीपने ते थांबवलं. आवाज फार सच्चा आहे. पण प्रत्येक ओळीआधी तिचा श्वास ऐकू येतो, मोठा, कोरडा, मध्येच अडणारा. माझा खानदानी आजार लगेच जागा झाला.

काकू फोन द्यायला तयार नव्हत्या. शेवटी दिला, पण उद्या संध्याकाळच्या आत वापस पायजे, असं दोनदा बजावून.

९ डिसेंबर

साफ केलं! सकाळपासून तेवढंच करत बसले होते. आठ ओळींच्या आधीचे आठ श्वास कापले, त्यांच्या जागी नुसती शांतता ठेवली. गाणं संपल्यावर आणखी एक होता, नववा, आणि त्याच्यामागे काहीतरी पुटपुटणं. ते शेपूट न ऐकताच उडवलं. आता आवाज असा निर्मळ वाटतो की दीपा स्टुडिओत उभी राहून गातेय म्हणावं.

आणि काकूंना भेट म्हणून हेच गाणं त्यांच्या फोनमध्येही घातलं, जुन्याच्या जागी. एकाच नावाची दोन दोन कशाला, त्यांचा गोंधळ व्हायचा. माझ्या लॅपटॉपवरचं जुनंही काढून टाकलं, कचरापेटीसकट. सवयच आहे मला. फोन वेळेत परत केला. त्यांना काही सांगितलं नाही, आपोआप कळू दे.

१३ डिसेंबर

आज पहिलं चित्रीकरण. लखनच्या मामाचं शेत, सकाळचं ऊन, कमरेएवढी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. मोठ्या स्पीकरवर गाणं लावायचं आणि मी बरोबरीने म्हणायचं. नुसते ओठ हलवले तर गळा खोटा दिसतो, मोकळ्या आवाजात म्हणायचं, असं सरांनी शिकवलंय.

दोन ओळी झाल्या आणि तिसरीच्या आधी श्वासच आला नाही. मी थांबले, छाती उचलली, तोंड उघडलं, पण आत काही शिरेना. पुढची ओळ सुरू झाली आणि मी रिकाम्या छातीने ती म्हटलीही. पाचवीला खाली बसले. लखनने गूळ-पाणी दिलं आणि शहरातल्या पोरीले ऊन नाई सोसत म्हणून चिडवलं. डिसेंबरातलं ऊन!

घरी येऊन चित्रण पाहिलं. ओळींच्या मधल्या जागांत माझं तोंड गरजेपेक्षा जास्त उघडं आहे. गळ्याच्या शिरा ताणलेल्या. कोरड्या हापशीचा दांडा कुणी जीव खाऊन हलवावा, तसं दिसतंय. मला आठवतं त्याहून कितीतरी जास्त वेळ ते चाललंय.

१४ डिसेंबर

हे कसं लिहू.

धम्मदीपने बोलावलं. काकू रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला जवळ बसवलं आणि एवढंच विचारलं, की बाई, माही पोरगी आता दम कुठी घेते?

मग त्यांनी सांगितलं. रोज संध्याकाळी शेतातून आल्यावर त्या गाणं लावतात. गाणं संपलं की दीपा श्वास घ्यायची आणि विचारायची, माय, आयकलं का? आणि काकू म्हणायच्या, आयकलं व बाई. मग उठून चूल पेटवायच्या. सव्वा वर्ष रोज. आता गाणं संपतं आणि कुणी काही विचारत नाही. उठावं कवा तेच समजत नाई, असं म्हणाल्या. धम्मदीप स्वयंपाक करत होता.

मी न ऐकता उडवलेलं ते पुटपुटणं हे होतं. मी रडले, पाया पडायला गेले, त्यांनी पडू दिलं नाही. मला माझीच किळस आली आहे.

१६ डिसेंबर

जुनं गाणं परत काढताना इथल्या मोबाइलवाल्याने हात टेकले. मग एसटीने यवतमाळला गेले, तिथेही नाही म्हणाले. त्या जागेवर नवं लिहिलं गेलंय, जुनं आता कुठेच नाही.

परत येताना सुचलं. जागा तर तशाच आहेत, नऊ. त्यात श्वास भरायचा. श्वास काय, सगळ्यांचे सारखेच. दुपारी दार लावून मी माझाच एक श्वास रेकॉर्ड केला आणि पहिल्या ओळीआधी बसवला.

ऐकला. तो माझा नाही. कोरडा, मोठा, मध्येच अडणारा.

मला भीती वाटायला हवी होती. मला आधी आनंद झाला.

१८ डिसेंबर

तीन जागा भरल्या. काकूंना ऐकवलं. पहिल्या श्वासाला त्यांनी मान वर केली, तिसऱ्याला पदर तोंडाला लावला. हा तिचाच व्हय, म्हणाल्या. कुठी सापडला, असं विचारलं. लॅपटॉपमध्ये थोडं थोडं सापडतंय, असं खोटं सांगितलं. काकू हसल्या. त्यांचं हसणं मी पहिल्यांदाच पाहिलं. बाकीचेही सापडतील, असं मी बोलून बसले.

येताना आमच्या जिन्याच्या सातव्या पायरीवर बसावं लागलं.

२० डिसेंबर

पाच. गुडघे दुखतात, मनगटं दुखतात. आत हाडं कुणीतरी पिळतंय. आई डॉक्टरकडे घेऊन गेली. रक्त चांगलं आहे, सिकलसेलचीही तपासणी केली, नाही म्हणाले. हवा बदलली, होतं असं.

लखनचा फोन आला, उरलेलं चित्रीकरण कधी म्हणून. माझं बोलणं ऐकून तो खूप हसला. आता तू आमच्यातली झाली, म्हणाला. का, ते विचारलं. मी त्याला म्हणे 'मले आज नाई जमत' असं सांगितलं होतं. मला आठवत नाही.

२२ डिसेंबर

काल ठरवलं होतं, बास. लॅपटॉप कपाटात ठेवला, कुलूप घातलं. दुपारी जेवताना घास गिळला आणि श्वास थांबला. आई पाठीवर थोपटत होती, बाबा गाडी काढायला धावले. मी भिंत धरून कपाटापर्यंत गेले. सहावी जागा भरली, तेव्हा मला माझा परत मिळाला. थोडासा. पूर्वीपेक्षा कमी.

उरलेल्या जागांत आता शांतता नाही. कान लावला की कळतं, कुणीतरी आहे तिथे, ओळ ओठावर धरून थांबलेलं. श्वास मिळाल्याशिवाय तिला सुरुवात करता येत नाही.

ती वाईट नाही. हे मला लिहायचंच होतं. मी जे फेकून दिलं तेवढंच ती मागतेय.

२४ डिसेंबर

आठ. आता एकच.

जयाकाकू आमच्या घरी आल्या. आईशी बोलत असताना मी खोलीतून बाहेर आले, चार पावलं, आणि दाराला टेकले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझी निळसर पडलेली नखं पाहिली. मनगट हातात घेतलं. असंच दीपाचं होत होतं, म्हणाल्या, आणि त्यांना सगळं समजलं. मी काहीच सांगितलं नव्हतं.

आई चहा टाकायला गेली तशा त्या माझ्याजवळ आल्या. एक पोरगी म्या तिचा दम मोजत मोजत घालवली, दुसरी नाई घालवत, म्हणाल्या. मले आता काई आयकाचं नाई, पुसून टाक ते, शपथ आहे तुले. आणि रडल्या. माझ्या डोक्यावरून हात फिरवत रडल्या.

मी हो म्हटलं.

पुसलं नाही. नववा श्वास मिळाला तरच ती विचारेल. एकदा विचारू दे. काकूंना एकदाच म्हणता येऊ दे. मग पुसेन— खरंच—

२५ डिसेंबर, दुपार

पुसायला बसले. बोट ठेवलं. श्वास बंद.

बोट काढलं. आला.

पुन्हा— बंद.

२५ डिसेंबर, संध्याकाळ

काकूंच्या घरी. रिक्षाने आले. आईला सांगितलं नाही. धम्मदीप माझ्या बाबांना आणायला पळालाय.

गाणं लावलं. आठही ओळी. काकू बंद कर बंद कर म्हणत होत्या. शेवटची, नववी जागा आली, आणि रेकॉर्ड करायची गरजच— तो माझ्या छातीतून आपला आपण निघाला. सगळा. आणि तोंडाने विचारलं, माय, आयकलं का? माझ्या तोंडाने. तिच्या आवाजात.

काकू समोर बसल्यात. उत्तर देत नाहीत. पदराचा बोळा तोंडात धरलाय. डोळ्यांतून पाणी. त्यांना कळलंय, त्या हो म्हणाल्या की ती माझ्यात राहील आणि मी—

आवाज फुटत नाही. म्हणून लिहिते. लिहून वही त्यांच्यापुढे धरते.

काकू मान हलवतात. बोळा काढून म्हणतात, तू गौरी व्हय. घरी जाय. तू गौरी व्हय. पुन्हा तेच. पुन्हा. फोटोकडे बघत नाहीत. माझ्याकडेच बघतात.

मी गौरी. नाशिक. बाबा चंद्रशेखर, आई रजनी. मी गौ

काकू, बोलू नका. काहीही झालं तरी—

माय

माय, तू तर समोरच बसून हाय. मंग काहून बोलत नाईस? मी कवाची वाट पाहून राह्यली. माह्यावर रागावली का व? त्या गौरीकडं काहून पाह्यतं, मी हाय ना इथं, मी, तुही दीपा. फक्त एकडाव म्हन. रोज म्हनत होती ना. माय, तोंडावरचा हात काढ. रडू नको. एकडाव म्हन ना व माय, मले लय दम लागून रा