त्र्याण्णव नंबरचं पेट्रोल

बाबा,

काल पंपावर स्कूटर उभी केली आणि नळी हातात घेतलेल्या मुलीनं विचारलं, "मॅडम, साधं की प्रीमियम?" मी "साधं" म्हटलं, पण असं म्हटलं की ती बिचारी दचकून माझ्याकडे बघतच राहिली. तिला काय ठाऊक की मी तिच्यावर नाही, तुमच्यावर खेकसले होते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की भिंतीवरचा तुमचा फोटोसुद्धा पिवळा पडला, तरी पेट्रोलचं नाव निघालं की माझं डोकं अजून तापतं. इतर बायकांना बापाची आठवण येते ती जत्रेतल्या खाऊनं, नाहीतर खांद्यावर बसून पाहिलेल्या दंडारीच्या नाचगाण्यानं. मला येते पेट्रोलच्या वासानं. घरी आले, चहा केला, तो निवून गेला, आणि शेवटी लिहायला बसले. तुमच्यासमोर मी इतकं सलग कधी बोललेच नाही. तुम्ही बोलू दिलं नसतं, आणि आईनं मागून माझी वेणी ओढली असती.

आपलं दुकान पितळेचं. लग्नसराईत पवनी-लाखांदूरकडचे लोक एसटीनं भंडाऱ्याला यायचे, घरची फुटकी-चेपकी भांडी मोडीत घालायचे आणि मुलीच्या आंदणासाठी पाण्याचे नवे गुंड, घंगाळं, पराती घेऊन बसच्या टपावर बांधून न्यायचे. शाळा सुटली की मी गादीच्या कडेला बसत असे, कारण माझा धाकटा भाऊ दुकानात पाच मिनिटं टिकायचा नाही आणि मला हिशेब तोंडी यायचा. तराजू कसा धरायचा ते तुम्ही मलाच शिकवलंत. आधी रिकामी पारडी पाहायची. मग माल एकदा या पारड्यात घालायचा, एकदा त्या पारड्यात, म्हणजे तराजूतच वाकडेपणा असेल, ज्याला तुम्ही पासंग म्हणायचात, तर तो उघडा पडतो. "बाई, गिऱ्हाइकाले फसवाचं नाही अन् आपण भी फसाचं नाही," असं म्हणायचात. आणि दुसरं वाक्य असायचं, "पितळ खोटं नाही बोलत. भाव जास्त, म्हंजे धातू जास्त." पितळेच्या बाबतीत ते अगदी खरं होतं. जड गुंडाला जास्त पैसे पडतात आणि तो नातवंडांच्या लग्नापर्यंत टिकतो. तुमची चूक एवढीच की सगळं जग पितळेचं आहे असं तुम्ही धरून चाललात.

मग ती मोटार आली. रिटायर होऊन गावाकडे निघालेल्या एका इंजिनिअर साहेबांनी ती तुम्हाला विकली आणि जाता जाता सांगून गेले, हिला नेहमी चांगलं पेट्रोल पाजत जा. झालं. साहेबांचा शब्द म्हणजे वेदवाक्य. आपल्याकडच्या पंपावर तेव्हा एकाच प्रकारचं पेट्रोल मिळायचं. नागपूरला दोन प्रकारचं मिळे, त्र्याऐंशी नंबरचं साधं आणि त्र्याण्णव नंबरचं भारी. तुम्ही त्र्याण्णववर जीव टाकलात. नागपूरला माल आणायला जायचं, टाकी काठोकाठ भरायची, वर दोन डबे भरून आणायचे, आणि ते डबे मागच्या खोलीत, स्वयंपाकघराच्या पलीकडे ठेवायचे. माल नसला तरी नुसतं पेट्रोलसाठी जाऊ लागलात. पेट्रोल आणायला पेट्रोल जाळत जाणारा माणूस अख्ख्या बाजारात तुम्ही एकटे. लोक हसायचे, पण तुमच्या पाठीमागे. आई तेवढी तोंडावर बोलली, "घरात चूल जळून राहिली अन् तुमी बाजूले पेट्रोल ठेवता. एक दिवस आपण सारे जाऊ न् तुमची गाडी राहीन." तुम्ही हसलात. आईनं चूल मागच्या अंगणात नेली आणि पावसाळाभर पोत्याच्या आडोशानं स्वयंपाक केला. डबे काही हलले नाहीत.

तेव्हा मी अकरावीत, म्हणजे जुन्या मॅट्रिकच्या वर्गात. आमच्या शाळेतले विज्ञानाचे मास्तर इंजिनाचा धडा शिकवत होते. मी उभी राहून विचारलं की त्र्याण्णव म्हणजे काय. ते म्हणाले, हा आकडा ताकदीचा नव्हे. इंजिनात पेट्रोल फार दाबलं गेलं की ते वेळेआधीच भडकतं आणि इंजिन ठोके देतं. मोठ्या आकड्याचं पेट्रोल तो दाब जास्त सोसतं, एवढंच. जुन्या, कमी दाबाच्या गाडीला साधं पुरतं, भारी घालून ती जास्त धावत नाही. मी उड्या मारत दुकानात आले. मला वाटलं, बाबांचे पैसे वाचवले, आता पाठीवर थाप पडणार.

तुम्ही सगळं ऐकून घेता. समोर साकोलीकडचं एक गिऱ्हाईक बसलेलं, त्याची बायको परात वाजवून पाहते आहे. तुम्ही मागून दोन्ही डबे आणता, एकात त्र्याण्णव, दुसऱ्यात मुद्दाम आपल्या पंपावरून आणवलेलं साधं. दोन सारखे लोटे काठोकाठ भरता, आणि पितळेचा मोठा तराजू खाली घेता. पारडी थरथरतात. त्र्याण्णवचं, उजवीकडचं पारडं केसभर खाली जातं. "पाह्यलं?" तुम्ही मला नाही, त्या गिऱ्हाइकाला म्हणता, "मास्तर पुस्तकातलं सांगते, मी पारड्यातलं सांगतो." तो माणूस मान डोलावतो, त्याला परातीचा भाव कमी करून हवा आहे, पेट्रोलचं त्याला काय. मी वाट पाहते आहे की आता तुम्ही लोट्यांची अदलाबदल कराल, हा तिकडे, तो इकडे. तुम्ही करत नाही. लोटे उचलून आत नेता. मी रिकामी पारडी बघते. लोटे नसतानाही उजवीकडचं खालीच आहे. तुम्हीही बघता, आणि दांडी खुंटीला अडकवून ठेवता. घरभर पेट्रोलचा वास.

बोलायचं राहिलं ते मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा बोलले. मला पहिला वर्ग मिळाला होता. मला नागपूरला सायन्सला जायचं होतं. तिथं आत्या होती, तिनं सांगून पाठवलं होतं की पोरगी माझ्याजवळ राहील, खोलीचा खर्चसुद्धा नाही. तुम्ही जेवत होता. आईनं विषय काढला. तुम्ही भाताला वरण कालवता कालवता म्हणालात, "नागपूर कायले? येथचं कॉलेज का वाईट आहे? आर्ट्सले जाय. साध्यानं भी चालते. डिग्री तं तेच भेटते." ते "साध्यानं भी चालते" माझ्या कानात शिरलं आणि मी आईच्या डोळ्यांकडे न बघता बोलून गेले, "मंग गाडीले साधं काहून नाही चालत, बाबा?" आईच्या हातातला वरणाचा डाव तिथेच थांबला. मला वाटलं तुम्ही माराल. मारलं असतंत तर बरं झालं असतं, मार विसरता येतो. तुम्ही शांतपणे ताटात हात धुतलात आणि म्हणालात, "गाडीची बरोबरी करून राहिली का तू? गाडी आपल्या घरी राहाणार आहे. तू जाणारी आहेस."

एवढंच. आवाजही चढवला नाहीत. दुकानात रोज मालाचा भाव सांगता तसं सांगितलंत. मी कितीदा ते वाक्य उलटंपालटं करून पाहिलं, की ह्यात कुठे माया आहे का, कुठे माझ्या भल्याचा विचार आहे का. पालथ्या घड्यावर पाणी. हौसेला मोल नाही म्हणतात. तुमच्या हौसेला मोल नव्हतंच, फक्त तिची हद्द माझ्या अलीकडे संपत होती. दोन वर्षांनी भाऊ नागपूरला गेला. त्याला तिसरा वर्ग होता, आणि जायचंही नव्हतं. त्याला आत्याकडे नाही ठेवलंत, होस्टेलला ठेवलंत, वर स्वतः मोटारीनं सोडून आलात. तो नापास झाला. परत फी भरलीत. परत नापास झाला. आई कुरकुरली तेव्हा म्हणालात, "पोरगं आहे, सीखन. पैसा का वाया जाते?" मी तेव्हा आपल्या गावच्या कॉलेजात आर्ट्सच्या वर्गात बसून इतिहासातल्या लढाया पाठ करत होते.

बी.ए. व्हायच्या आत माझं लग्न लाखांदूरला लावून दिलंत. आंदणाची भांडी मात्र जड दिलीत, ते नाकारत नाही. माझा गुंड उचलताना सासूबाईंची कंबर धरली आणि त्या आठ दिवस तुमचं कौतुक करत होत्या. निघायच्या दिवशी तुम्ही मोटार धुऊन, फुलं लावून दारात आणलीत आणि स्वतः चालवायला बसलात. दोन्ही बाजूंना धानाच्या शेतांच्या बांध्या, मी मागे डोळे पुसत बसलेली, बाजूला नवरा अंग चोरून, कारण तो मला अजून परकाच. आणि तुम्ही वाटभर पुढे बसलेल्या माझ्या सासऱ्यांना सांगत होता की आज त्र्याण्णव नंबर टाकला आहे, कसा एक ठसका लागत नाही बघा, कशी पाण्यावरून चालल्यासारखी चालते. सासरे धानाचा धंदा करणारे, त्यांनी मोटारीला जन्मात हात लावलेला नव्हता. ते "हो हो" म्हणत राहिले. लाखांदूर येईपर्यंत तुम्ही एकदाही मागे वळून माझ्याशी बोलला नाहीत. मला डी.एड. करू दिलं ते त्याच सासऱ्यांनी. धान विकलं आणि फी भरली. पुढे जन्मभर मास्तरीण म्हणून जगले ते तुम्ही ज्यांना परके म्हणायचात त्यांच्या पैशावर.

तुम्हाला लकवा मारला तेव्हा आई गेलेली होती, आणि भाऊ दूरच्या गावी नोकरीत. रजा मिळत नाही म्हणायचा. मग कोण? जाणारी होती तीच येत राहिली. शनिवारची शाळा सुटली की एसटीत बसायचं, भंडाऱ्याला उतरायचं, तुमचे कपडे धुवायचे, जेवण भरवायचं, आणि रविवारी परत जायचं. उरलेले दिवस दुकानातला जुना नोकर बघायचा. मोटार अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. चाकं बसलेली, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या.

एका दुपारी मी तुमच्या लुळ्या हाताला तेल चोळत होते. तुम्ही खिडकीतून त्या ताडपत्रीकडे बघत होता. जीभ जड झाली होती, पण शब्द कळायचे. तुम्ही म्हणालात, "तुह्या मास्तरचं बरोबर होतं." मला आधी कळेना कुठला मास्तर. "त्या पेट्रोलनं काही फरक नाही पडत. मले पयल्याच साली समजलं होतं. एकडाव साधं टाकलं न् कोणाले सांगितलं नाही. गाडी तशीच चालली."

"मंग भारीच काहून टाकत राहिले?" मी विचारलं.

तुम्ही पुन्हा ताडपत्रीकडे बघितलंत. मग म्हणालात, "आपली चीज होती. आपल्या चीजेवर थोडं फालतू गेलं, तं बरं वाटते." आणि डोळे मिटून घेतलेत. मी तेल चोळत राहिले. हात थांबवावा असं मनात आलं, पण थांबवला नाही, कारण तुमची बोटं आखडली असती. त्या पावसाळ्यात तुम्ही गेलात. भाऊ तेराव्याला आला, मोटार भंगारवाल्याला देऊन टाकली, आणि सगळे म्हणाले, लेकीनं किती केलं.

इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले की बापानं मला सायन्स शिकू दिलं नाही, म्हणून माझा त्याच्यावर राग आहे. माझी मुलंही तेच सांगतात. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. हे पत्र कुणाला दाखवायचं नाही, उद्या बंबात घालायचं आहे, म्हणून लिहिते. नागपूरला जाऊन मी फार मोठी झाले असते असं मला वाटत नाही. कदाचित मीही नापास झाले असते. मला फक्त एवढंच हवं होतं, बाबा, की माझ्यावर तुमचे थोडे पैसे वाया जावेत, आणि त्याचं तुम्हाला बरं वाटावं.